हाकेचा लीड

मी ‘ओ’ देणार, तेवढ्यात बळीराम मुकादमानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

हाताखालच्या माणसानं ओव्हरसियरच्या तोंडावर हात ठेवायचा म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी खात्यात नोकरी केली त्यांनाच कळेल. शिवाय त्या हाताला तंबाखूचा वास. मी भडकलोच. पण बळीरामचा चेहरा पाहिला आणि शिवी घशातच राहिली. म्हातारा थरथरत होता.

आम्ही लोणारला धारेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. धार म्हणजे सरोवराच्या काठावरचा झरा. बारा महिने गोड पाणी पडत असतं. दिवस थंडीचे. सूर्य पलीकडच्या काठाआड गेला होता आणि खाली सरोवराचं पाणी काळपट दिसायला लागलं होतं. बायका घागरी भरून केव्हाच गेल्या होत्या. आणि माझ्या डाव्या कानाशी, अगदी हातभर अंतरावरून, कोणीतरी बाई म्हणाली होती, “अवो!”

मी वळून पाहिलं. डावीकडे नुसता उतार. खाली झाडी, त्याच्या खाली पाणी.

“साहेब, ओ देऊ नोका,” बळीराम कुजबुजला. मग उठला, धोतर झटकलं आणि मला जवळजवळ ओढतच वर गावात घेऊन आला.

आता मी तिथं कशाला गेलो होतो ते सांगतो. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. मुंबईला कोणाच्या तरी डोक्यात आलं, की लोकांनी आपलं राज्य पाहावं, हिंडावं, त्यासाठी ठिकठिकाणी प्रवासी बंगले बांधावेत. लोणारचं नाव यादीत आलं. आकाशातून दगड पडून झालेला एवढा मोठा खड्डा, त्यात खारं पाणी, काठाला देवळं, लोक येणारच. मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. साइट सिलेक्शन, म्हणजे बंगला नेमका कुठं बांधायचा ती जागा निवडून रिपोर्ट करणं, हे काम माझ्याकडे.

जागा दोन होत्या. एक नंबर धारेजवळची. एसटी स्टँडवर उतरलं की पिशवी खांद्याला लावून पानसुपारी खात माणूस चालत पोचेल. पाणी उशाशी. भाजीवाला, दूधवाला, डॉक्टर, सगळं हाकेच्या अंतरावर. खोट एकच. समोर कडूलिंबाची जुनी झाडं, त्यामुळे सरोवर अर्धंच दिसायचं.

दोन नंबर पश्चिमेच्या काठावर, पार पलीकडे. तिथून मात्र अख्खं सरोवर ताटात वाढल्यासारखं. पण रस्ता नाही. बैलगाडीची चाकोरी, तीही काळ्या मातीतून. पाण्याचा थेंब नाही. भोवती बाभळी आणि मोरांचं रान.

आमच्या धंद्यात ‘लीड’ असा एक शब्द आहे. वाळू, विटा, पाणी, जे काही कामावर लागतं ते जिथून आणायचं, तिथून कामापर्यंतचं अंतर म्हणजे लीड. लीड वाढला की गाड्या वाढल्या, बैल वाढले, डिझेल वाढलं, मनस्ताप वाढला. सिमेंट मलकापूरला रेल्वेतून उतरायचं, तिथून ट्रकनं लोणारला यायचं. तो लीड मला टाळता येत नव्हता. पण बंगला एकदा बांधून झाला की सिमेंटचा लीड संपतो. पाण्याचा संपत नाही. पाहुण्यांचाही संपत नाही. दोन नंबरला बंगला झाला तर रोज पाणी वाहायचं, रोज भाजी वाहायची, आणि एसटीनं आलेलं माणूस स्टँडवर उभं राहून जीप शोधणार. म्हणजे तो जीपवाल्यांचाच बंगला झाला. त्यासाठी रस्ता काढायचा तर रान तोडावं लागणार, आणि मग मोर तरी कशाला थांबतात?

आता पेपरात ‘पर्यावरणपूरक पर्यटन’ असले जडजंबाल शब्द वाचतो. आम्ही नुसतं लीड म्हणायचो.

आमचे मोठे साहेब दीक्षित, पुण्याचे. हुशार माणूस, पण पायाखाली पाहायची सवय नाही. दोन नंबरच्या जागेवर उभे राहिले आणि हरखूनच गेले.

“इंगळे, व्ह्यू बघा, व्ह्यू!”

“साहेब, इथं पाणी नाही.”

“पाणी आणता येतं हो. व्ह्यू आणता येत नाही.”

रिपोर्ट यायच्या आधीच साहेबांनी तोंडी ऑर्डर दिली. पत्रे, लाकूड आणि थोडं सामान दोन नंबरला टाका, शेड उभी करा, चौकीदार बसवा. कागद मागाहून होतील. खात्यात कागदाच्या आधी काम सुरू झालं की समजावं, कुठंतरी माती खाल्ली जाणार आहे.

चौकीदार म्हणून किसन मिळाला. जवळच्याच खेड्यातला, लग्नाला थोडीच वर्षं झालेली. बायको रुखमा. दोघं त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. दर दोन दिवसांनी गावातून बैलगाडीवर पाण्याचा ड्रम जायचा.

त्या संध्याकाळी बळीरामनं मला चहाच्या हॉटेलात बसवलं आणि दोन घोट पोटात गेल्यावर तोंड उघडलं. तो म्हणाला, ती खालची बाई. दिवस बुडता बुडता हाक मारते. नाव घेत नाही. नुसतं ‘अवो’ म्हणते. पूर्वी कोणा एकाला वाटलं, आपली बायको बोलावते आहे, त्यानं ओ दिली आणि उतरत गेला. सकाळी काठाला त्याच्या वहाणा सापडल्या. तेव्हापासून गावात रीत पडली. धारेवर संध्याकाळी बिननावाची हाक आली, तर ओ द्यायची नाही. घरची बाईसुद्धा त्या वेळी नवऱ्याला धारेवर हाक मारत नाही. पोराला पाठवते, नाहीतर स्वतः येते.

मी म्हटलं, “अन् आवाज कोणाचा असते?”

“तेच त वांधे हायेत, साहेब,” बळीराम म्हणाला. “ज्याले ऐकू येते, त्याले त्याच्याच बायकोचा वाटते.”

मी कप खाली ठेवला. कारण धारेवर मला कोणाचा आवाज आला, ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

माझी बायको मलकापूरची. तापाचं निमित्त झालं आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली होती. तिची हाक मारायची एक पद्धत होती. ‘अवो’तला ‘वो’ जरा लांबवायची आणि शेवटी आवाज वर न्यायची, म्हणजे आतून चहा टाकू का विचारत असल्यासारखं. दोन वर्षं मला कोणी तशी हाक मारली नव्हती. ऑफिसात ‘इंगळे’, कामावर ‘साहेब’, भावाच्या घरी ‘भाऊजी’. धारेवर जी हाक ऐकली ती तिचीच होती. तसूभर फरक नाही.

रात्री धर्मशाळेत पडल्या पडल्या मी स्वतःला चांगलं झापलं. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा घेतलेला माणूस तू, तुला शोभतं का हे? मग डोकं चालवलं. सरोवर म्हणजे कढई. संध्याकाळी थंड हवा जड होऊन तळाला बसते, वर गरम हवा राहते. आवाज वर सुटायच्या ऐवजी खालीच वाकतो आणि कडेकडेनं घरंगळत येतो. म्हणजे खालच्या देवळाजवळ कोणी बोललं तर वर कानाशी बोलल्यासारखं वाटेल.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेच्या थंडीत मी प्रयोग केला. एका मजुराला खाली पाण्याजवळ पाठवलं आणि सांगितलं, साध्या आवाजात काहीबाही बोलत राहा. मी पायऱ्यांवर बसलो. थोड्या वेळानं कानाशी स्पष्ट ऐकू आलं, “साहेब येडा हाये. थंडीचं खाली धाडलं मले.”

मला इतका आनंद झाला की मी त्याला रागावलोही नाही. दुपारी उन्हात त्यालाच पुन्हा खाली पाठवलं आणि या वेळी जीव तोडून ओरडायला सांगितलं. काही नाही. तो तोंड उघडतो, हात हलवतो, एवढंच दिसत होतं. ऊन तापलं की आवाज वर उडून जातो. माझं गणित बरोबर आलं. बळीरामला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली.

“बरोबर हाये, साहेब. पण संध्याकाळी खाली कोनीच नसते.”

या म्हाताऱ्यांशी वाद घालू नये.

पुढे एक दिवस लेव्हल घ्यायला, म्हणजे तिपाईवर दुर्बीण लावून जमिनीचा चढउतार मोजायला, मी दोन नंबरवर गेलो. किसन मापाची साखळी धरायला माझ्याबरोबर. काम आटोपलं तशी रुखमानं चहा दिला. अर्धा कपच.

“पाणी कमी हाये, साहेब. गाडी उद्या येईन,” ती म्हणाली. मग पदर नीट करत हसली. “बंगला झाल्यावर पाहुण्यायले न्हायाले पाणी कोन देईन? का त्यायलेबी अर्धा कपच?”

मी म्हटलं, हे तू आमच्या मोठ्या साहेबांना विचार.

तिची तक्रार नव्हती. पण बोलत सुटली ती थांबेना, आणि माझ्या लक्षात आलं की तिला दिवसच्या दिवस कोणी बोलायलाच मिळत नाही. किसन सामानाभोवती फेऱ्या मारतो, ही शेडमध्ये. दुपारी बाभळीत वारा शिरला की कोणी कण्हल्यासारखं होतं. समोर लोणार गाव दिसतं, माणसं मुंगीएवढी दिसतात, पण हात केला तर कोणी हात करत नाही. खाली उतारावर एक बारीक झरा आहे, मी जाऊ का तिथून आणायला, असं ती किसनला रोज विचारायची. तो नाही म्हणायचा. वाट घसरडी, दगड सुटे.

निघताना किसन मला पोचवायला आला, तेव्हा मागून तिनं त्याला हाक मारली. “अवो!” टोपी राहिली होती त्याची. मी दचकलो. किसनही दचकला. मग आम्ही दोघं ओशाळे हसलो. ती आमच्याकडे बघतच राहिली.

मी रिपोर्ट लिहायला घेतला. एक नंबरची शिफारस करायची हे ठरलेलंच होतं, पण साहेबांच्या व्ह्यूपुढे माझा लीड टिकेल असं वाटत नव्हतं. लीड डोळ्यांना दिसत नाही ना, त्याची पंचाईत.

त्यातच पाण्याच्या गाडीचा आख मोडला. सुतार बाजाराला गेलेला. ड्रम गावातच अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पाहून पाहून किसन शेवटी चालत गावात आला. सगळा दिवस सुताराच्या मागे हिंडण्यात गेला. आख बसेपर्यंत दिवस कलला. धारेवर ड्रम भरायला घेतला तेव्हा सूर्य टेकला होता. गाडीवान, किसन, बळीराम आणि मी, चौघंच. थंडी पडायला लागली होती. सरोवराचा तो सडका, खारट वास वर येत होता.

आणि हाक आली.

“अवो!”

चौघांनीही माना वळवल्या. म्हणजे सगळ्यांना ऐकू आलं होतं, हे नक्की. गाडीवानानं बैलाच्या मानेत तोंड खुपसलं. किसनच्या हातातली बादली पायरीवरून गडगडत खाली गेली.

“रुखमा हाये,” तो म्हणाला. “बळीरामबाबा, हा रुखमाचा आवाज हाये.”

बळीरामनं त्याचं मनगट पकडलं. “बस खाली. सगळ्यायले तसंच वाटते.”

“नाई, बाबा, तिचाच हाये.”

“मलेबी माह्या म्हातारीचा आला. ते घरी भाकरी थापून राह्यली. बस म्हनतो ना!”

पुन्हा हाक आली. या वेळी जरा लांबवलेली. किसन खाली बसला आणि त्यानं दोन्ही कान दाबून धरले. बायकोचा आवाज ऐकू येतो आणि माणूस कान दाबून बसतो, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. त्याचं चुकलं असं कोणी म्हणू नये. त्या गावात आवाज जितका ओळखीचा, तितकी ती हाक खोटी. आवाज बायकोचा आहे, हाच पुरावा की ती बायको नाही.

आणि मी? मला माझ्या बायकोचीच हाक ऐकू आली. शेवट वर नेलेला. चहा टाकू का?

पुढे लोक म्हणायचे, इंगळे साहेब शास्त्र मानणारे, म्हणून त्यांनी ओ दिली. मी कधी खोडून काढलं नाही. पण खरं ते सांगतो. मला त्या क्षणी ना कढई आठवली, ना थंड हवा. दोन वर्षांनी कोणीतरी मला ‘अवो’ म्हटलं होतं आणि दुसऱ्यांदा म्हटलं होतं. मला राहवलं नाही. ती वर असो, खाली असो, पाण्यात असो. मी उठलो आणि छातीभर श्वास घेऊन ओरडलो,

“ओ! कोण आहे?”

बळीराम दोन्ही हातांनी कपाळ धरून बसला. माझा आवाज कढईभर फिरला आणि विरला. मग फार लांबून, अगदी बारीक, फाटलेला आवाज आला. हा माझ्या बायकोचा नव्हता.

“मी हाओ... मी...”

“मी कोण?” मी ओरडलो. “कोणाची कोण?”

“साहेब, तिच्याशी बोलू नोका,” बळीराम रडकुंडीला आला होता.

खाली पुन्हा शांत. मला वाटलं, गेली. मग तो आवाज वर आला. एकेक अक्षर ढकलत.

“किसन! अवो... किसन!”

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. मग मरेपर्यंत ‘अवो’, ‘हे’, ‘आमच्या घरचे’. रुखमानं ते नाव त्या दिवसापर्यंत रानात, शेडमध्ये, भांडणातसुद्धा कधी घेतलं नव्हतं. किसननं कानावरचे हात काढले होते. तो नुसता बघत होता.

पण पहिला उठला तो बळीराम. एवढा वेळ थरथरणारा म्हातारा एकदम मुकादम झाला.

“ते बाई नाव घेत नाई,” तो म्हणाला. “हिनं नाव घेतलं. हे माणूस हाये. कंदील आना बे, काय पाहून राह्यले!”

देवळाच्या वाटेनं आम्ही खाली उतरलो. गावातून आणखी माणसं आली, खाट आली. पाण्याच्या कडेकडेनं, चिखलातून, बाभळीचे काटे काढत पलीकडे जायचं. किसन सगळ्यांच्या पुढे, हाका मारत. ती मध्ये मध्ये ओ देत होती आणि प्रत्येक ओ आधीच्यापेक्षा बारीक. मला सारखं वाटत होतं, पोचेपर्यंत थांबेल.

झऱ्याच्या खाली दोन दगडांमध्ये ती सापडली. घागर फुटलेली. रात्रीच्या भाकरीपुरतंही पाणी उरलं नव्हतं म्हणून दुपारी उतरली होती. दगड सुटला, पाय अडकला, नडगीचं हाड मोडलं. अंग थंड पडत चाललं होतं. किसननं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो मोठ्यानं रडला. ती शुद्धीवर होती. बळीरामकडे बघून तिनं पदर पुढे ओढायचा प्रयत्न केला.

“बाबा, नाव घ्या लागलं मले,” ती पुटपुटली. तिला त्याचीच लाज वाटत होती.

खाटेवरून तिला वर काढलं, रात्री गावातल्या डॉक्टरनं फळी बांधली, सकाळी पहिल्या एसटीनं दवाखान्यात. जीव वाचला. पाय जरा आखूड राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाला, थंडीत रात्र काढली असती तर सकाळी उचलायलाच गेला असता तुम्ही.

मी रिपोर्ट फाडला आणि नवीन लिहिला. पाण्याचा लीड, मालाचा लीड, पाहुण्यांचा लीड, सगळं दोन्ही जागांसाठी मांडलं. आणि खाली एक ओळ घातली, मदतीचा लीड. साहेब रिपोर्ट घेऊन स्वतःच लोणारला आले. बाईसाहेबही होत्या बरोबर, सरोवर पाहायला. दिवसभर फिरून थकल्या आणि जीपमध्ये स्वेटर विणत बसल्या. साहेब आणि मी धारेच्या पायऱ्यांवर.

“हे ‘मदतीचा लीड’ काय आहे, इंगळे? कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?”

“नाही साहेब, कुठल्याच नाही.”

“झालं ते वाईट झालं. पण एका अपघातावरून साइट बदलायची? तिथं बोअर घेऊ, रस्ता करू. हा व्ह्यू...”

साहेब बोलता बोलता थांबले. सूर्य टेकला होता. त्यांनी मान वळवली. बाईसाहेब मागं होत्या, रस्त्याला लावलेल्या जीपमध्ये. साहेबांनी पाहिलं ते पुढं, खाली, पाण्याकडे.

“कोण ‘अहो’ म्हणालं?”

मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांना ‘अहो’ ऐकू आलं होतं, आमच्यासारखं ‘अवो’ नाही. बळीराम वरच्या पायरीवर उभा होता. तो पुढे झाला, पण मोठ्या साहेबांच्या तोंडावर हात ठेवायची त्याची छाती झाली नाही. नुसता हात जोडून उभा राहिला. साहेबांनी एकदा मागं वळून जीपकडे पाहिलं. बाईसाहेब टाके मोजत होत्या.

साहेबांनी ‘मदतीचा लीड’ ही ओळ पुन्हा एकदा वाचली, खिशातलं पेन काढलं आणि मांडीवरच रिपोर्टवर सही केली. एक नंबर.

बंगला धारेजवळ झाला. लिंब एकही तोडला नाही. खोल्यांचे दरवाजे थोडे तिरके फिरवून घेतले, आणि झाडांच्या मधून जेवढं सरोवर दिसायचं तेवढं पाहुण्यांना पुरायचं. शाळांच्या सहली एसटीनं यायच्या, पोरं स्टँडवरून रांगेनं गात चालत यायची. पलीकडचं रान तसंच राहिलं, मोरही राहिले. किसन बंगल्यावर चौकीदार झाला. रुखमा लंगडत लंगडत पाहुण्यांचा स्वयंपाक करायची आणि कोणी पाण्याची नासाडी केली तर फाडकन बोलायची.

सगळं नीट झाल्यावर मी एकदा बंगल्यावर मुक्कामाला गेलो. चहा पिता पिता तिला माझं शास्त्र समजावून सांगत होतो. दुपारी तू ओरडलीस ते ऊन असल्यामुळे वर पोचलं नाही. संध्याकाळी हवा थंड झाली आणि तू ‘अवो’ म्हणालीस ते आम्हाला कानाशी ऐकू आलं. म्हणून वाचलीस.

ती चुलीपुढे बसली होती. फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे वळली.

“संध्याकाळी मी कुठी हाक मारली, साहेब?” ती म्हणाली. “दुपारी लय बोंबलली. घसा फुटला तरी कोनी आलं नाई. मंग मी चूप पडली. दिवस बुडाला तवा मी मराचीच वाट पाहून राह्यलती. तुमी वरून इचारलं ना, कोन आहे म्हून? तवा मले समजलं का कोनीतरी हाये. मंग बोलली मी. त्याच्या आंधी नाई.”

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग ती भाकरी थापायला लागली. मी कप खाली ठेवला तो थेट रात्री कोणीतरी उचलला.

साइट सिलेक्शनवर नव्या पोरांना मी पुढे बरीच वर्षं शिकवलं. उतरायची जागा अशी निवडा, की माणूस चालत पोचेल, पाणी वाहून न्यावं लागणार नाही, आणि तिथून मारलेली हाक ऐकणाऱ्याला माणसाची वाटेल. व्ह्यूचं नंतर बघा. एवढंच शिकवायचो. धारेवर त्या संध्याकाळी पहिली हाक कोणी मारली, हे पोरांना कधी सांगितलं नाही. मला ते माहीत आहे. माझी बायको तशीच होती. दुसऱ्याचं दुखणं तिला आधी दिसायचं.

अजूनही दर थंडीत एकदा जातो. स्टँडवर उतरतो, चालत बंगल्यावर जातो, दिवस बुडायच्या वेळी पायऱ्यांवर बसतो. पुष्कळदा काहीच येत नाही. कधी हाक आली, तर ओ देतो. तोंडावर हात ठेवायला आता बळीराम नाही.